द्विमितीचा प्रत्यय : युनिटी इंजिनाच्या परिभाषेची एक चिकित्सा

(१)

संगणकीय खेळ रचण्याची जी साधने आज सर्वत्र वापरात आहेत त्यांना ‘गेम इंजिन’ म्हणतात. चित्र पडद्यावर उमटविणे, वस्तूंच्या गतीचे व आघातांचे गणित करणे, ध्वनी वाजविणे, खेळणाराच्या बोटांची हालचाल टिपणे ही सामाईक कामे इंजिन करते. रचनाकार त्यावर आपल्या खेळाचे नियम लिहितो. मात्र हे नियम तो ज्या शब्दांत लिहितो, ते इंजिनाच्या कर्त्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात. प्रत्येक इंजिनाबरोबर एक परिभाषा येते, आणि परिभाषा आली की तेथे भाषाभ्यासकालाही काही विचारण्याचा अधिकार पोचतो.

प्रस्तुत लेखासाठी ‘युनिटी’ हे इंजिन निवडले आहे. ते २००५ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून त्रिमितीय होते. लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन अक्षांवर मांडलेल्या विश्वाची कल्पना गृहीत धरूनच त्याची घडण झाली होती. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याची ४.३ ही आवृत्ती निघाली आणि तीत द्विमितीय, म्हणजे सपाट चित्रांच्या खेळांसाठी लागणारी साधने प्रथमच इंजिनाची अंगभूत साधने म्हणून देण्यात आली. त्यांच्या आधारे गेल्या दशकात असंख्य खेळ तयार झाले, आणि खेळरचना शिकू इच्छिणारे अनेक विद्यार्थी आजही आपला पहिला खेळ याच साधनांनी करतात.

ही साधने उपयुक्त आहेत याविषयी वाद नाही. येथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. जी व्यवस्था एका विश्वासाठी रचली गेली तिच्यात दुसरे विश्व ‘अंगभूत’ झाले, असे केव्हा म्हणावे? शब्द आले म्हणजे पुरे, की व्याकरणही यावे लागते? मराठीत ‘टेबल’ आले आणि ‘टेबलावर’ असे चालू लागले. तेथे शब्द परका असला तरी विकार आमच्या व्याकरणाचा होता. फारसी-अरबीतून आलेला ‘गैर’ पुढे ‘समज’ या आपल्या शब्दाला लागून ‘गैरसमज’ झाला. तेथे शब्द घडविण्याची एक रीतच आत आली. या दोन प्रकारच्या प्रवेशांत जो भेद आहे, तोच युनिटीच्या बाबतीतही पाहावयाचा आहे.

(२)

२०१३ पूर्वी युनिटीमध्ये सपाट खेळ करता येत नव्हते असे नाही. रचनाकार एक चौकोनी पातळ पृष्ठ घेत, त्यावर पारदर्शक कडांचे चित्र चिकटवीत, आणि दूरची वस्तू लहान न दिसेल असा समांतर प्रक्षेपणाचा कॅमेरा त्यासमोर ठेवीत. वस्तू खोलीच्या दिशेने सरकू नये म्हणून तिसऱ्या अक्षावरील गती गोठवावी लागे, आणि ती कलंडू नये म्हणून उरलेल्या दोन अक्षांभोवतीचे भ्रमणही गोठवावे लागे. या खटाटोपातून सुटका करण्यासाठी ‘टू-डी टूलकिट’सारखी बाहेरच्यांनी केलेली जोड-साधने विकत मिळत. थोडक्यात, सपाट खेळ हा घन खेळाची दोन-तीन दारे बंद करून मिळवलेला खेळ होता.

४.३ आवृत्तीने ही स्थिती बदलली. ‘स्प्राइट’ ही सपाट चित्राची स्वतंत्र वस्तू आली. चित्र आयात करताना किती बिंदूंचे एक एकक मानावे हे ठरविण्याची सोय आली. त्याचे मूळ मूल्य १०० ठेवलेले आहे. कोणते चित्र कोणाच्या पुढे दिसावे हे सांगण्यासाठी थर आणि थरांतील क्रमांक आले. गतीच्या गणितासाठी एरिन कॅटो यांनी रचलेली ‘बॉक्स-टूडी’ ही द्विमितीय यंत्रणा आत घेण्यात आली. घन वस्तूंसाठी आधीपासून असलेली ‘फिजएक्स’ ही यंत्रणा मात्र होती तेथेच राहिली. एका इंजिनात गतिशास्त्राची दोन विश्वे शेजारी-शेजारी नांदू लागली, आणि ती एकमेकांस मुळीच ओळखत नाहीत. एका विश्वातील पेटी दुसऱ्या विश्वातील पेटीवर आदळली तर ती तिच्यातून आरपार निघून जाते.

(३)

या दोन विश्वांना नावे कशी दिली गेली ते पाहू. घन विश्वात भाराने व वेगाने चालणाऱ्या वस्तूच्या घटकाचे नाव ‘रिजिडबॉडी’ असे आहे. सपाट विश्वात तेच नाव ‘रिजिडबॉडी-टूडी’ असे होते. ‘बॉक्सकोलायडर’चे ‘बॉक्सकोलायडर-टूडी’ होते, ‘फिजिक्स’चे ‘फिजिक्स-टूडी’ होते. दोन वस्तूंचा आघात झाला असता इंजिन जी सूचना देते तिचे नाव घन विश्वात ‘ऑनकोलिजनएंटर’, तर सपाट विश्वात ‘ऑनकोलिजनएंटर-टूडी’ असे आहे. घन विश्वाच्या नावाला प्रत्यय नाही. सपाट विश्वाच्या नावाला तो आहे.

प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी, विशेषतः ट्रुबेट्झकॉय आणि याकॉबसन यांनी, अशा जोड्यांचा विचार फार बारकाईने केलेला आहे. जोडीतील एका पदावर चिन्ह असते व दुसरे त्या चिन्हाच्या अभावानेच ओळखले जाते, तेव्हा त्या विरोधास अभावमूलक विरोध म्हणावे. अचिन्हित पदाचे वैशिष्ट्य असे की, ते आपल्या विरुद्ध पदाचाही समावेश करून घेऊ शकते. ‘दिवस’ आणि ‘रात्र’ ही जोडी घ्या. ‘तो पुण्यास चार दिवस राहिला’ असे म्हणताना मधल्या रात्री आपण वगळीत नाही. ‘दिवस’ हे पद अचिन्हित असल्यामुळे संपूर्ण कालावधीचे नाव होऊ शकते. ‘रात्र’ हे होऊ शकत नाही. युनिटीच्या परिभाषेत ‘फिजिक्स’ म्हटले की घन विश्वाचे गतिशास्त्र समजावयाचे. सपाटाचे गतिशास्त्र हवे असेल तर तसे वेगळे सांगावयास हवे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ‘स्प्राइट’ या शब्दाला प्रत्यय नाही. २०१७ मध्ये आलेल्या ‘टाइलमॅप’ या फरशीवजा नकाशाच्या साधनालाही तो नाही. याचे कारण उघड आहे : घन विश्वात या नावाचे काही नाही. समोर विरोधी पद नसेल तर चिन्हाची गरज पडत नाही. परंतु त्याच टाइलमॅपला आघात कळावा म्हणून जो घटक जोडावयाचा त्याचे नाव मात्र ‘टाइलमॅपकोलायडर-टूडी’. पुढे सपाट चित्रांसाठी दिवे आले तेव्हा त्यांना ‘लाइट-टूडी’ हेच नाव द्यावे लागले, कारण ‘लाइट’ हे नाव घन विश्वाने आधीच घेतले होते. हा प्रत्यय वस्तूच्या सपाटपणाचे वर्णन करीत नाही; विरोध जेथे उभा राहतो तेथेच तो उमटतो. हे निव्वळ भाषिक वर्तन आहे, आणि कोणी मुद्दाम ठरवल्याखेरीजही ते असेच घडले असते.

(४)

आता इतिहासाकडे वळू. संगणकीय खेळांत ज्येष्ठ कोण? ‘पाँग’ १९७२ सालचा, ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ चा, ‘पॅकमॅन’ १९८० चा. हे सर्व सपाट खेळ. घन आकृतींचे खेळ घरोघर पोचले ते १९९४ साली जपानात विक्रीस आलेल्या सोनीच्या ‘प्लेस्टेशन’सारख्या यंत्रांमुळे. कालक्रमाने पाहता सपाट खेळ हाच ‘खेळ’ होता आणि घन खेळाला विशेषण लावावे लागत असे. युनिटीच्या परिभाषेत हे नाते उलटले आहे.

अशी उलथापालथ भाषेला नवी नाही. यंत्रमाग येण्यापूर्वी हाताने चालवावयाच्या मागास ‘माग’ एवढेच म्हणणे पुरे होते. यंत्रमाग आला आणि जुन्या मागाला ‘हातमाग’ असे नाव घ्यावे लागले. नवागताच्या आगमनाने ज्येष्ठाला विशेषण चिकटते. मात्र ‘हातमाग’ या नावाने विणकराच्या हातातील कसब कमी होत नाही. नाव हे व्यवस्थेतील स्थान सांगते, मूल्य सांगत नाही. म्हणून ‘टूडी’ हा प्रत्यय लागला एवढ्यावरून सपाट खेळांना दुय्यम लेखले गेले असा आरोप करणे उथळपणाचे होईल. आरोप करावयाचा असेल तर तो प्रत्ययाच्या मागे काय आहे हे तपासूनच करावयास हवा.

(५)

प्रत्ययामागे काय आहे? अभावमूलक विरोधाच्या दृष्टीने पाहिले तर ‘टूडी’ म्हणजे ‘घन वजा खोली’ असा अर्थ होतो. युनिटीतील सपाट गतिशास्त्र मात्र असे वजाबाकीने आलेले नाही. घन वस्तूला गुरुत्वाकर्षण लागू आहे की नाही, एवढाच होय-नाहीचा प्रश्न त्या घटकात विचारलेला असतो. सपाट वस्तूच्या घटकात मात्र गुरुत्वाकर्षण किती पट लागू करावे याची संख्या देता येते. उडी मारून वर जाताना पात्र जड न वाटावे व खाली येताना झटकन यावे, ही सपाट खेळांतील जुनी कारागिरी या एका संख्येने साधते. तसेच, खालून वर जाताना आरपार जाऊ देणारी परंतु वरून उभे राहता येणारी फळी हा सपाट खेळांतील पिढीजात घटक होय. त्यासाठी युनिटीत पुढे ‘प्लॅटफॉर्मइफेक्टर-टूडी’ हा खास घटक आला. घन विश्वात त्याला जोडीदार नाही, तरीही प्रत्यय आहेच.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आताच सांगितलेल्या नियमाला तो बाध आणतो. ‘सर्कलकोलायडर-टूडी’ हे नाव पाहा. वर्तुळ हे मुळातच सपाट. घन विश्वात त्याच्या जागी गोल आहे आणि त्याचे नावही निराळे आहे. मग येथे प्रत्यय कशास? याचे उत्तर आपल्याला मराठीच्या अन्वयात सापडते. ‘ती मुलगी आली’ या वाक्यात स्त्रीलिंग तीनदा व्यक्त झाले आहे. माहितीच्या दृष्टीने एकदाच पुरे होते. पण ही पुनरुक्ती वाक्यातील पदे एकमेकांशी बांधून ठेवते. गतिशास्त्राच्या घटकांवरील ‘टूडी’ हा असाच अन्वयाचा प्रत्यय आहे. हे पद कोणत्या विश्वाशी जुळेल, कोणाशी जुळणार नाही, हे तो सांगतो. जेथे असा अन्वय निर्माण झाला आहे तेथे शब्दांबरोबर व्याकरणही आत आले असेच म्हणावयास हवे. गतिशास्त्राच्या बाबतीत युनिटीचे सपाट विश्व खरोखर अंगभूत झाले, असा निर्णय द्यावयास मला संकोच वाटत नाही.

(६)

स्थानाच्या बाबतीत मात्र तो निर्णय देता येत नाही. युनिटीतील प्रत्येक वस्तूला ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा घटक असतो आणि त्यात तिचे स्थान तीन संख्यांनी नोंदविलेले असते. सपाट विश्वातील वस्तूही याला अपवाद नाही. तिची तिसरी संख्या बहुधा शून्य असते, पण असते. येथे पाणिनीय परंपरेतील लोपाची संकल्पना साहाय्यास येते. लोप पावलेला प्रत्यय दिसत नाही, तरी त्याच्या निमित्ताने होणारी कार्ये होतच राहतात. युनिटीच्या सपाट खेळातील तिसरी मिती अशीच लुप्त आहे : दिसत नाही, पण कार्य करते.

उदाहरण घेऊ. सपाट खेळासाठी नवा प्रकल्प उघडला असता कॅमेरा तिसऱ्या अक्षावर उणे १० या स्थानी असतो आणि चित्रे शून्यावर असतात. कॅमेऱ्याने खेळातील पात्राचा पाठलाग करावा म्हणून विद्यार्थी पात्राचे द्विमितीय स्थान कॅमेऱ्यास देतो. दोन संख्यांचे स्थान तीन संख्यांच्या जागी ठेवण्याची मुभा इंजिन विनातक्रार देते आणि तिसऱ्या संख्येच्या जागी आपण होऊन शून्य घालते. परिणाम असा की, कॅमेरा चित्रांच्या पातळीवर येऊन उभा राहतो, आणि कॅमेऱ्याच्या अगदी निकट असलेले काही दाखवावयाचे नाही असा नियम असल्यामुळे पडदा रिकामा होतो. कोठेही दोषाचा संदेश येत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेले प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध ठरलेले असते.

याच जातीचा दुसरा दोष प्रत्ययाच्या विस्मरणातून येतो. आघाताची सूचना स्वीकारण्यासाठी विद्यार्थी ‘ऑनकोलिजनएंटर’ असे लिहितो आणि ‘टूडी’ विसरतो. ही सूचना इंजिन नावावरून शोधते. लिहिलेले नाव घन विश्वातील वैध नाव असल्यामुळे ते चूक ठरत नाही. पण सपाट विश्वातून त्या नावाने हाक कधी येतच नाही. चेंडू भिंतीवर आदळतो, परततो, आणि गुण मात्र वाढत नाहीत. विशेष असे की, एकाच वस्तूला दोन्ही विश्वांतील रिजिडबॉडी जोडू गेल्यास इंजिन ताबडतोब अडवते. घटक जोडताना जो अन्वय पाळला जातो, तो वाक्य लिहिताना पाळला जात नाही.

भाषेतही असे होते, पण तेथे ऐकणारा असतो. एखाद्या परभाषकाने ‘मुलगी आला’ असे म्हटले तर ऐकणारा हसतो किंवा सुधारतो. काही झाले तरी चूक झाल्याचे बोलणाऱ्यास कळते. इंजिन चूक ऐकते आणि गप्प राहते. या मौनाची किंमत अनुभवी रचनाकार भरत नाही. तो एकदा फसतो आणि पुढे सावध राहतो. ती किंमत नवशिक्या भरतो. आपल्याला गणित जमत नाही, हे क्षेत्र आपले नव्हे, असा निष्कर्ष तो रिकाम्या पडद्याकडे पाहून काढतो. ज्या साधनाने पुष्कळ विद्यार्थी प्रथमच भूमितीला हात घालतात, त्याच्या परिभाषेतील ही उणीव लहान मानता येणार नाही.

(७)

दुसरा मार्ग होता काय? होता, आणि ‘गोडो’ या इंजिनाने तो पत्करला. २०१४ साली मुक्त परवान्याखाली खुल्या झालेल्या या इंजिनात सपाट विश्वाला स्वतःची स्थानपद्धती आहे. तेथे स्थान दोनच संख्यांनी सांगितले जाते, एकक पडद्याचा बिंदू असतो, आणि दुसरा अक्ष वरून खाली वाढतो. त्याच इंजिनाच्या घन विश्वात मात्र हा अक्ष वर जातो. तिसरी संख्या लुप्त नाही. ती मुळातच नाही.

नावांच्या बाबतीत गोडोची पूर्वीची पद्धत युनिटीसारखीच होती : ‘रिजिडबॉडी’ घन, ‘रिजिडबॉडी-टूडी’ सपाट. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही नावे बदलण्यात आली. घनाचे नाव ‘रिजिडबॉडी-थ्रीडी’ झाले, ‘कॅमेरा’चे ‘कॅमेरा-थ्रीडी’ झाले, आणि आजवर प्रत्ययहीन असलेल्या ‘स्प्राइट’चेही ‘स्प्राइट-टूडी’ झाले. ट्रुबेट्झकॉयच्या परिभाषेत सांगावयाचे तर अभावमूलक विरोधाचे रूपांतर समतुल्य विरोधात झाले. आता दोन्ही पदांवर चिन्ह आहे आणि कोणतेही एक पद ‘सामान्य’ नाही. विसरलेला प्रत्यय आता दुसऱ्या विश्वाचे वैध नाव ठरत नाही. तो कोणाचेच नाव होत नाही, आणि म्हणून चूक चूक म्हणून समोर येते.

परंतु याचीही किंमत आहे. सपाट चित्र घन दृश्यात ठेवावयाचे तर गोडोत त्यासाठी ‘स्प्राइट-थ्रीडी’ ही वेगळी वस्तू घ्यावी लागते. एका विश्वातून दुसऱ्यात जाणे हे तेथे भाषांतर असते. युनिटीत ते बोलीतील फरकाइतके सोपे आहे. ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’ या छोट्या गटाने युनिटीत केलेला ‘हॉलो नाइट’ (२०१७) हा सपाट चित्रांचा खेळ पाहावा. त्यात पार्श्वभूमीचे थर तिसऱ्या अक्षावर खरोखरच मागे-पुढे मांडलेले आहेत. पात्र चालू लागले की दूरचे थर हळू व जवळचे थर वेगाने सरकतात आणि चित्राला खोली येते. ज्या लुप्त मितीने नवशिक्याचा पडदा रिकामा केला, तिनेच येथे जाणत्याच्या पडद्याला खोली दिली.

(८)

यास्तव निर्णय विभागूनच द्यावयास हवा. युनिटीने सपाट विश्वाला गतिशास्त्रात स्वतःचे व्याकरण दिले, चित्रांच्या क्रमात स्वतःची रीत दिली, आणि स्थानाच्या बाबतीत त्याला घन विश्वाच्या घरात राहू दिले. हे सहवासाचे धोरण चुकीचे नव्हते. त्याचा लाभ उत्तम खेळांना झालेला आहे. चूक आहे ती उंबरठ्यावर कोणी न ठेवण्याची. दोन संख्यांचे स्थान तीन संख्यांच्या जागी जाताना रचनाकाराने तिसरी संख्या आपल्या तोंडाने सांगावी, एवढा नियम पुरेसा होता. ज्या वस्तूवर सपाट घटक आहेत तिच्यावर घन विश्वाची सूचना लिहिलेली आढळल्यास इंजिनाने एक इशारा द्यावा, एवढी दक्षता पुरेशी होती. यांतील कोणत्याही सुधारणेने हॉलो नाइटसारख्या खेळाची वाट अडली नसती.

परिभाषा घडविणारे आपल्या कामास बहुधा नामकरण समजतात. वस्तुतः ते सीमा आखत असतात. आणि सीमा आखणाऱ्याचे काम प्रत्यय लावल्याने संपत नाही. सीमा ओलांडली गेली हे ओलांडणाऱ्यास कळले पाहिजे. एखादे विश्व व्यवस्थेत अंगभूत झाले की नाही, याची कसोटी त्याला किती शब्द मिळाले ही नव्हे. त्या विश्वात चुकीचे बोलले असता व्यवस्था ते चूक म्हणून ओळखते की नाही, ही खरी कसोटी होय. या कसोटीवर युनिटीचे द्विमितीय अंग आजही अर्धेच उतरते.